पाणपोढी, तळे आणि वाडीवरचा विहार : महाड-पोलादपूर परिसरातील बौद्ध वंदनपरंपरा

प्रास्ताविक

कोकणातील बौद्ध लेण्यांचा अभ्यास प्रामुख्याने पुरातत्त्व आणि पुराभिलेखविद्या यांच्या अंगाने झाला आहे. १९५६ नंतरच्या बौद्ध समाजाच्या धार्मिक जीवनाचा अभ्यास मात्र समाजशास्त्राने केला. या दोन अभ्यासांची गाठ क्वचितच पडते. लेण्यांविषयी लिहिणारा दुसऱ्या-तिसऱ्या शतकापाशी थांबतो आणि धर्मांतराविषयी लिहिणारा बहुधा नागपुरापासून आरंभ करतो. रायगड जिल्ह्यातील महाड हे असे ठिकाण आहे की तेथे ही विभागणी टिकत नाही. येथे येणारा बौद्ध उपासक एकाच दिवशी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतो आणि गांधारपाले येथील लेण्यात जाऊन वंदना म्हणतो. संध्याकाळी तो आपल्या वाडीवरच्या विहारात परततो. ही तीन स्थळे त्याच्या दृष्टीने एकाच यात्रेतील असतात. ती त्याने एकत्र का आणली आणि या वंदनाचे स्वरूप नेमके कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गांधारपाले : लेखांतील दान

महाडच्या वायव्येस सुमारे तीन किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत, पाले गावामागील डोंगरात सुमारे ३० लेण्यांचा समूह आहे. वरची आणि खालची अशा दोन रांगांत ही लेणी खोदलेली आहेत. पैकी बहुतेक लहान विहार असून त्यांत ओसरी, आतील खोली आणि झोपण्यासाठी कोरलेला दगडी ओटा एवढीच योजना आढळते. कार्ले किंवा अजिंठा पाहून आलेल्या प्रवाशाची येथे निराशा होण्याचा संभव असतो. नक्षीकाम थोडे आहे आणि भव्य कमान कोठेही नाही. वरच्या रांगेतील सर्वांत मोठ्या लेण्याच्या गर्भगृहात बुद्धमूर्ती कोरलेली आहे. ती मूळ खोदकामानंतरच्या काळातील मानली जाते.

स्थानाची निवड मात्र विचारपूर्वक झालेली दिसते. महाड हे सावित्री नदीवरील जुने बंदर होते. खाडीतून आलेला माल येथे उतरून वरंध घाटाने भोरकडे, किंवा पोलादपुरावरून पार घाटाने जावळी व वाईकडे जात असे. 'पेरिप्लस'मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांच्या यादीत येणारे पालैपत्मै म्हणजे हेच पाले, असे काही अभ्यासक मानतात. ही ओळख सर्वमान्य नाही. व्यापारी मार्ग, घाटाचा पायथा आणि भिक्षुसंघाचे वर्षावासाचे स्थान यांचे साहचर्य मात्र पश्चिम महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी आढळते की महाड त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

या लेण्यांतील सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणजे तेथील ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील लेख. एका लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने दिलेल्या दानाची नोंद आहे. जवळच्या कुडे येथील लेखांत महाभोजांची नावे येतात, त्यामुळे हा कुमारही त्याच प्रकारच्या स्थानिक सत्ताधारी घराण्यातील असावा असा तर्क करता येतो. त्याने काय दिले, याची यादी लेखात तपशीलवार आहे : लेण, चेतियघर, आठ ओवरक, लेण्याच्या दोन्ही बाजूंस दोन पोढी आणि लेण्याकडे येणारी वाट. हे सारे मिळून त्याचा 'देयधम्म', म्हणजे धर्मासाठी दिलेले दान.

मराठीच्या प्राध्यापकाने या यादीवर क्षणभर थांबावे असे तिचे मोल आहे. लेण म्हणजे आजचे लेणे. ओवरक म्हणजे भिक्षूची खोली. हा शब्द देवळाच्या प्राकारातील ओवरीच्या रूपाने मराठीत टिकून आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके, ज्याला लेणी अभ्यासणारी मंडळी आजही पाणपोढी म्हणतात. दात्याचे घराणे इतिहासातून पुसले गेले. त्याने दिलेल्या वस्तूंची नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली.

ज्या लेण्यात हा लेख आहे तेथील स्तूपाची अवस्था विचार करायला लावणारी आहे. मागील खोलीतील स्तूप पुढे कोणीतरी पूर्णपणे तासून काढला. खाली त्याच्या जोत्याची खूण आणि वर छताला चिकटून राहिलेले छत्र एवढेच शिल्लक आहे. स्तूप कोणी आणि कोणत्या हेतूने काढला याचा पुरावा उपलब्ध नसल्याने त्यावरून मोठी विधाने करणे योग्य होणार नाही.

सावित्रीपलीकडील कोल येथेही लेण्यांचे दोन लहान गट आहेत. तेथील लेखांत संघरक्षित नावाच्या श्रेष्ठीचे आणि धम्मसिरी नावाच्या स्त्रीचे दान नोंदलेले आहे. राजकुमार, व्यापारी आणि गृहिणी हे तिन्ही प्रकारचे दाते महाडच्या आसपास चार-पाच किलोमीटरच्या परिघात भेटतात. हे सर्व लेख दानाची नोंद करतात. कोणीही काही मागितलेले नाही.

विस्मरणाचे दोन प्रकार

बौद्ध संघाचा वावर संपल्यानंतर महाराष्ट्रातील लेण्यांचे काय झाले, हा प्रश्न स्वतंत्र अभ्यासाचा आहे. कार्ल्याला चैत्यगृहाच्या तोंडाशी एकवीरा देवीचे देऊळ उभे राहिले आणि आगरी-कोळी समाजाची मोठी यात्रा तेथे भरू लागली. जुन्नरजवळ लेण्याद्रीला एका विहारात गणपतीची स्थापना होऊन ते अष्टविनायकांपैकी एक स्थान झाले. नाशिकची लेणी पांडवांच्या नावावर गेली. पहिल्या दोन ठिकाणी देवता बदलली, पण पूजा सुरू राहिली. तिसऱ्या ठिकाणी पूजा लोपली, पण कथा राहिली.

गांधारपाले यांपैकी पहिल्या प्रकारात बसत नाही. तेथे एकवीरेसारखे मोठे देवस्थान निर्माण झाले नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी, जेम्स बर्जेस यांच्यासारखे सर्वेक्षक आणि भगवानलाल इंद्रजी यांच्यासारखे विद्वान तेथे पोहोचले, तेव्हा त्यांनी मापे घेतली, लेखांचे ठसे उतरवले आणि वाचन प्रसिद्ध केले. १८८३ च्या कुलाबा जिल्हा गॅझेटिअरमध्ये या लेण्यांचे खोलीवार वर्णन आहे. खोल्यांची लांबी-रुंदी त्यात फूट-इंचांत मिळते. डोंगराखालच्या गावातील कोणत्या माणसाला तेथे जाण्याची मुभा होती आणि कोणाला नव्हती, हा प्रश्न मात्र त्या काळच्या नोंदकर्त्याला पडलेला दिसत नाही.

तळे

या भागातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचा जागृतीचा इतिहास १९२७ च्या आधीपासूनचा आहे. महाडजवळच्या रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर यांनी लष्करातील नोकरीनंतर १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध केले. पुढे याच परिसरातील रामचंद्र बाबाजी मोरे यांनी महाडच्या परिषदेसाठी पुढाकार घेतला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत केला होता. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे सुधारक महाड नगरपालिकेत होते आणि नगरपालिकेने १९२४ मध्ये तो ठराव आपल्यापुरता स्वीकारला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तेथे कोणी पाऊल टाकले नव्हते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्चला डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठवून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले करण्यात आले. नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. त्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मंत्रोच्चारित मिश्रण १०८ घागरींतून तळ्यात ओतल्याचे सांगितले जाते. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद भरली. तिच्यासाठी जागा मिळणे कठीण झाले होते, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा मनाईहुकूम असल्याने तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम मात्र तहकूब करावा लागला. दिवाणी दाव्याचा अंतिम निकाल लागायला दहा वर्षे गेली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी स्मरणातीत काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, हा त्याचा गाभा होता.

न्यायालयासमोरचा प्रश्न अशा रीतीने प्राचीनतेचा झाला होता. तळ्यापासून तासाभराच्या चालीवर असलेल्या डोंगरात पाण्याची टाकी धर्मदान म्हणून दिल्याचा लेख होता. अर्थात त्या दोन्ही गोष्टी एका पातळीवर ठेवण्याचा मोह आवरला पाहिजे. काणभोजाच्या पोढी भिक्षुसंघासाठी होत्या. त्या सर्व गावासाठी खुल्या होत्या असे लेख सांगत नाही. त्याचप्रमाणे लेण्यांच्या दात्यांशी किंवा तेथील भिक्षूंशी आजच्या बौद्धवाड्यांचे वंशाचे नाते जोडणारा कोणताही पुरावा या लेखांत नाही. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते, हा सिद्धान्त आंबेडकरांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडला. त्याचे परीक्षण वेगळ्या साधनांनी करावे लागते.

येथे महत्त्वाची आहे ती लोकांनी जाणीवपूर्वक केलेली जोडणी. १९२७ मधील महाडच्या मुक्कामात आंबेडकरांनी परिसरातील प्राचीन बौद्ध अवशेषांना भेट दिल्याचा उल्लेख त्यांच्या चरित्रात येतो. त्या वेळी ते बौद्ध नव्हते. धर्मांतराची येवल्याची घोषणाही (१९३५) आठ वर्षे दूर होती. १९५६ नंतर मात्र या भेटीला पूर्वखुणेचा अर्थ प्राप्त झाला, आणि तळ्याकडून लेण्याकडे जाणारी वाट हीच यात्रेची वाट ठरली.

वाडीवरचा विहार

महाड आणि त्याच्या आग्नेयेकडचा, सुमारे १८ किलोमीटरवरचा पोलादपूर हे दोन्ही तालुके डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांचे आहेत. बहुतेक गावांत एका कडेला बौद्धवाडी असते. पूर्वी तिला महारवाडा म्हणत. वाडीच्या मध्यावर किंवा रस्त्याच्या तोंडाशी एक लहान पक्की इमारत असते. तिच्यावर पंचरंगी धम्मध्वज आणि निळा झेंडा असतो. आत बुद्धमूर्ती, शेजारी आंबेडकरांचा पुतळा किंवा तसबीर आणि भिंतीवर रमाबाई व जोतीराव फुले यांची चित्रे. हा विहार असतोच, पण सभागृह, पाहुण्यांची उतरण्याची जागा आणि पावसाळ्यात मुलांची अभ्यासिकाही तोच असतो.

बाहेरच्या भिंतीवर बहुधा एक संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. तिच्यावर देणगीदारांची नावे आणि रकमा कोरलेल्या असतात. कोणी गिरणीत होता, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत किंवा महापालिकेत. पुष्कळ नावांपुढे 'कालकथित' अमुक यांच्या स्मरणार्थ, असे लिहिलेले असते. दात्यांत स्त्रियांची नावेही असतात. कोलच्या धम्मसिरीची नोंद आणि वाडीवरच्या पाटीवरील एखाद्या आजीची नोंद यांत अठराशे वर्षांचे अंतर आहे, परंतु लेखाचा प्रकार एकच आहे : कोणी, कोणाची कोण, काय दिले. पुराभिलेखविद्येचा विद्यार्थी पहिला लेख अभ्यासतो आणि दुसऱ्याकडे पाहतही नाही, ही अभ्यासाची उणीव म्हटली पाहिजे. मुंबईच्या चाकरमान्यांनी कोकणातील गावे कशी उभी केली, याचा इतका नेटका कागदपत्र दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

या दानामागे संघटना आहे. गावातील मंडळ आणि त्याच गावकऱ्यांचे मुंबईतील मंडळ अशी जोडरचना कोकणात सर्वत्र आढळते. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा आणि १९५५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय बौद्ध महासभेने तयार केलेले बौद्धाचार्य यांच्या आधारे विवाह, नामकरण, गृहप्रवेश आणि अंत्यविधी पार पडतात. चीवरधारी भिक्षू या डोंगराळ भागात क्वचितच येतात. प्राचीन व्यवस्थेत भिक्षू ओवरकात राहत आणि गृहस्थ दान देऊन पुण्य मिळवीत. आज ओवरक रिकामे आहेत. दान देणारा, वंदना म्हणवून घेणारा आणि ग्रंथ वाचणारा हे तिघेही गृहस्थच आहेत.

विधींचे स्वरूप साधे आहे. मेणबत्ती, उदबत्ती, फुले, त्रिशरण-पंचशील आणि पाली वंदना. १९५६ मध्ये आंबेडकरांनी तयार केलेल्या 'बौद्ध पूजापाठ' या पुस्तिकेने त्यांना चौकट दिली. नारळ फोडला जात नाही, नवस बोलला जात नाही, अंगात येत नाही. बावीस प्रतिज्ञांनी गौरी-गणपतीची पूजा आणि श्राद्ध-पिंडदान स्पष्टपणे नाकारले आहे. हा त्याग कोकणात किती मोठा होता, हे येथील पंचांग माहीत असल्याशिवाय कळत नाही. मुंबईचा माणूस गावी येतो तो शिमग्याला आणि गणपतीला. ग्रामदेवतेच्या पालखीत आणि होळीच्या कामांत महारांना ठरावीक 'मान' असे. त्या मानाच्या पोटात वेठ होती, हे नाकारता येत नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. मात्र त्याआधीच धर्मांतरित वाड्यांनी ही कामे सोडण्यास सुरुवात केली होती. त्यामुळे काही गावांत बौद्धवाडी आणि गावकी यांच्यात दीर्घकाळ अबोला राहिला. मान सोडणे म्हणजे गावाच्या उत्सवातून बाहेर पडणे होते, आणि गावी येण्याचे निमित्तही हातचे जाणार होते.

ते निमित्त नव्याने निर्माण करण्यात आले. १४ एप्रिलची जयंती मुंबईत होते. गावी मात्र शाळांच्या सुट्ट्या आणि चाकरमान्यांची रजा पाहून मे महिन्यात, वैशाख पौर्णिमेच्या आगेमागे, बुद्ध-आंबेडकर संयुक्त जयंती होते. दिवसा धम्मध्वजारोहण, वंदना व मिरवणूक, आणि रात्री भाषणे व गायन. डबलबारीचा सवाल-जवाब ज्या कोकणी श्रोत्याच्या कानात मुरलेला आहे, तोच श्रोता येथे भीमगीतांचा सामना ऐकतो. देवता नाकारल्या गेल्या, पण रात्र जागवण्याची रीत नाकारली गेली नाही. याला विसंगती म्हणणारे निरीक्षक आहेत. परंतु धर्म बदलला म्हणून माणसाने आपला ढोलही बदलावा, अशी अपेक्षा अन्य कोणत्याही समाजाकडून केली जात नाही.

लेण्यातील वंदन

अशा वाड्यांवरून माणसे २० मार्चला, २५ डिसेंबरला आणि बुद्धपौर्णिमेला महाडला येतात. २० मार्चचा मेळा सर्वांत मोठा. त्या दिवशी राज्यभरातून लोक येतात, तळ्याकाठच्या आंबेडकरांच्या पुतळ्याला अभिवादन करतात, पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत उतरतात. पुस्तकांच्या दुकानांची मोठी रांग लागते आणि तेथील खरेदी हाही यात्रेचाच भाग असतो. देवस्थानाच्या जत्रेतून माणूस प्रसाद घेऊन परततो, येथून पुस्तक घेऊन. त्यानंतर ज्यांना वेळ आहे ते गांधारपाल्याला जातात.

डोंगराच्या पायऱ्या चढून गेल्यावर मोठ्या लेण्याच्या बुद्धमूर्तीसमोर पादत्राणे बाहेर काढून लोक उभे राहतात. कोणी वंदना म्हणते, बाकीचे मागून म्हणतात. पुढचा प्रश्न संरक्षणाचा आहे. ही लेणी केंद्रीय संरक्षित स्मारक आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याखाली त्यांची देखभाल होते, आणि ज्या स्मारकात संरक्षणाच्या वेळी पूजा चालू नव्हती तेथे नव्याने पूजा सुरू होऊ न देणे हे पुरातत्त्व खात्याचे सर्वसाधारण धोरण आहे. मेणबत्तीची काजळी आणि मेण दगडाला अपाय करतात, ही तांत्रिक बाब निर्विवाद आहे. परंतु उपासकाच्या बाजूने प्रश्न असा उरतो : ज्या समाजाला संरक्षणाच्या नोंदी होत असताना सार्वजनिक पाणवठ्यालाही हात लावता येत नव्हता, त्याने तेव्हा येथे पूजा करीत असल्याचा पुरावा कोठून आणावा? कार्ल्याची एकवीरा नोंदीच्या वेळी तेथे होती, म्हणून तिची पूजा चालू राहिली. येथील बुद्धाचा उपासक नोंदीनंतर आला.

या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर सोपे नाही आणि सध्या तरी तोडगा व्यवहारातून निघालेला आहे. पुष्कळ गट लेण्यात केवळ फुले वाहतात व वंदना म्हणतात. ज्योत वाडीवरच्या विहारात लावायची असे समजूतदार मंडळी नव्या मुलांना सांगतात. मूर्तीसमोर माथा टेकणाऱ्या म्हातारीला नातू 'इथे मागायचं नसतं' असे हळूच सुचवतो, हे दृश्यही अशा सहलींत अपरिचित नाही. ती मागत असते किंवा नसते. बाहेरून पाहणाऱ्याने त्याचा निवाडा करू नये.

लेण्यातील वंदन वर्षातून एक-दोनदा घडते, वाडीवरचे मात्र सतत चालू राहते. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. प्राचीन काळी याच तीन महिन्यांत भिक्षू घाटाची वाट सोडून लेण्यांत मुक्कामाला येत. आता लावणीचे दिवस असतात, सावित्री आणि गांधारी दुथडी भरून वाहतात, पोलादपूरकडच्या वाड्यांना जुलै २०२१ च्या दरडींपासून पावसाची वेगळीच धास्ती असते. तरीही रात्रीची जेवणे आटोपून माणसे विहारात जमतात आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमाने वाचन होते. अक्षर चांगले लागणारी मुलगी वाचते, वडीलधारे मध्येच थांबवून अर्थ विचारतात, कधी वादही होतो. आश्विन पौर्णिमेला वाचनाची सांगता होऊन खीर वाटली जाते. त्या सुमारास हळवे भात कापणीला आलेले असते. ग्रंथ कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला जातो आणि सकाळी वाडी शेतात उतरते.